शेत विकून मुलाला परदेशी पाठवावं का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून एका अंगणवाडीताईंचं पत्र आलं आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देत आहे.

घरची अडीच एकर वडिलोपार्जित जमीन, त्यात एक विहीर. सोयाबीन, तूर, ज्वारी आणि थोडा कांदा यांतून खर्च वजा जाता वर्षाला सव्वा-दीड लाख सुटतात. शेती पती बघतात. थोरला मुलगा २४ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर, दीड वर्षापासून चाकणच्या एका कंपनीत २४,००० रुपये पगारावर आहे. धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुलाला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात 'इंजिनिअरिंग मॅनेजमेंट' या एका वर्षाच्या एमएस्सीसाठी प्रवेश मिळाला आहे. फी, राहणं-खाणं, व्हिसा, विमान धरून ३२ लाखांचा अंदाज आहे. पंधरा दिवसांत सहा लाख भरले नाहीत तर जागा जाईल, असं पुण्यातल्या सल्लागारानं सांगितलंय. गावातला एक व्यापारी ३२ लाखांना शेत घ्यायला तयार आहे, पण सगळं एकत्र, विहिरीसकट, आणि निम्मे पैसे रोख. पती म्हणतात, तू म्हणशील तसं. सासूबाई म्हणतात, ज्या रानानं पोसलं ते विकू नका. भाऊ म्हणतो, शिक्षणात घातलेला पैसा कधी वाया जात नाही. शेजारच्या गावचा मुलगा लंडनला गेला आणि त्यानं घरच्यांना बंगला बांधून दिला. मुलगा हट्ट करत नाही, पण फोनवर बोलणं कमी झालंय. ताई लिहितात, "मी दहावी शिकलेली. मला यातलं काय कळणार? नाही म्हटलं तर आईनं अडवलं असं तो जन्मभर म्हणेल. हो म्हणू की नाही, तेवढं सांगा."

ताई,

तुम्ही सरळ विचारलंय, म्हणून आधी सरळ उत्तर देते. या पंधरा दिवसांत, या व्यापाऱ्याला, सगळंच्या सगळं शेत विकायला माझं उत्तर 'नाही' आहे. मुलानं परदेशी शिकायला जाण्याला मात्र मी नाही म्हणत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सल्लागाराची तारीख आणि व्यापाऱ्याची अट या दोन गोष्टींनी त्यांची गाठ मारली, आणि ती तुमच्या गळ्याशी आली. ती आपण आधी सोडवू.

त्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला मान्य नाही, ते म्हणजे 'मला काय कळणार'. तुम्ही दर महिन्याला मुलांची वजनं-उंची घेता, पोषण ट्रॅकरमध्ये भरता, कोणतं मूल सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित, आहे आणि कोणतं मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषित, हे ओळखता. एका महिन्यात वजन थोडं कमी भरलं म्हणून तुम्ही घाबरून जात नाही. मागच्या महिन्यांचे आकडे बघता, घरी जाऊन विचारता, आजारपण झालं का ते पाहता, आणि मग ठरवता. इथेही नेमकं हेच करायचं आहे. व्हिसाचे नियम, बँकेचे व्याजदर ही माहिती आहे आणि ती कुणालाही विचारून मिळवता येते. त्या माहितीचं वजन तुमच्या घरासाठी किती, हे मात्र तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही. मलाही नाही.

आता शेताकडे येऊ. या सगळ्या प्रकरणात जी-जी पावलं उचलायची आहेत, त्यांतलं कोणतं मागे घेता येतं आणि कोणतं नाही, हे मनाशी मांडून बघा. नोकरी सोडली तर दुसरी शोधता येते. प्रवेश गेला तर पुढच्या खेपेला अर्ज करता येतो. इंग्लंडमधल्या बऱ्याच विद्यापीठांत सप्टेंबरबरोबर जानेवारीतही प्रवेश असतात. कर्ज घेतलं तर ते जड जातं, पण वर्षानुवर्षं फेडून संपतं. शेत मात्र गेलं की गेलं. हे मी भावनेपोटी म्हणत नाही, कायद्यामुळे म्हणते. महाराष्ट्रात कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या ६३व्या कलमानुसार जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमची अडीच एकर सगळी गेली आणि दुसरीकडे कुठेही तुमच्या नावावर जमीन उरली नाही, तर पुढे मुलानं कितीही पैसे कमावले तरी शेत घ्यायला जाताना शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न उभा राहील. उद्याचा बंगला उद्याच्या पैशानं बांधता येतो. सातबाऱ्यावरचं नाव तसं परत आणता येत नाही. म्हणून सगळं विकणं आणि थोडं विकणं यांत मला अडीच एकरांहून मोठं अंतर दिसतं. दहा-वीस गुंठे जरी मागे राहिले, तरी घराचा पाय जमिनीवर राहतो.

थोडंच विकायचं झालं तर तुकडेबंदी कायद्यानुसार किती क्षेत्राखाली तुकडा पाडता येत नाही, हे तलाठी कार्यालयात विचारून घ्या. तुमची जमीन भोगवटादार वर्ग एकची आहे की दोनची, हेही सातबाऱ्यावर बघा. वर्ग दोन असेल तर विकायला सरकारी परवानगी लागते आणि पंधरा दिवसांची गोष्ट तिथेच संपते.

त्या व्यापाऱ्याचा रोखीचा प्रस्ताव तर मी ऐकूनही घेतला नसता. तो धंदा करणारा माणूस आहे, त्याला करपात्र उत्पन्न असणार. अशा माणसाकडून जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, लागू शकतो. शिवाय ज्या कामासाठी हे पैसे हवेत, त्या कामाला रोख पैसा उपयोगाचा नाही. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसासाठी पैसे बँकेत सलग २८ दिवस दिसावे लागतात, किंवा कर्जमंजुरीचं पत्र लागतं. कापडात गुंडाळलेले सोळा लाख तिथे कसे दाखवणार? खरेदीखतावर निम्मीच किंमत लिहिली गेली, तर उरलेल्या निम्म्या पैशांसाठी तुमच्या हातात कागदच नसतो. आणि तो स्वतः शेतकरी आहे का, त्याचा सातबारा कुठला, हे कुणी विचारलंय का?

ताई, तुमच्या पत्रात आणखी एक व्यक्ती आहे, जिच्याबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीत. तुमची मुलगी. आजीचं मत आलं, मामाचं आलं, शेजारच्या गावातल्या मुलाची गोष्ट आली, पण तिला काय वाटतं हे कुठेच नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तो देशभर आला, महाराष्ट्रानं त्याआधीच १९९४ मध्ये तशी तरतूद केली होती, आणि हा हक्क जन्मानेच मिळतो असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. नीट कागद बघणारा कुठलाही खरेदीदार तिची सही मागेल. तुमच्या नणंदा असतील तर त्यांचीही. पण मला सहीपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सगळं शेत विकून आलेले सगळे पैसे एका मुलाच्या एका वर्षावर खर्च झाले, तर दोन वर्षांनी नर्सिंग संपवून ती पुढचं शिकायचं म्हणेल तेव्हा तिला काय सांगणार? तिला आत्ता विचारलं तर ती कदाचित आनंदानं हो म्हणेल. म्हणून केवळ 'तुझी हरकत नाही ना' असं विचारू नका. आकडे समोर ठेवून, तिच्या वाट्याचं काय होणार हे सांगून विचारा.

आता सल्लागाराची तारीख. परदेशी प्रवेशाचं काम करणाऱ्या बहुतेक सल्लागारांना मुलामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण तुमचा मुलगा जावा की न जावा, या प्रश्नाचं तटस्थ उत्तर त्यांच्याकडून मिळणार नाही, हे लक्षात ठेवा. मुलाला सांगा की सल्लागाराला मध्ये न घेता विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला स्वतः ईमेल कर. पैसे भरायची खरी अंतिम तारीख कोणती, प्रवेश जानेवारीवर किंवा पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, व्हिसा नाकारला गेला तर भरलेले पैसे परत मिळतात का, आणि आपण माघार घेतली तर किती कापून मिळतात, एवढंच विचारायचं. उत्तर लेखी येतं. तारीख खरी निघाली तरी हरकत नाही, आपल्याला खरं कळलं. पण ज्या पावलावरून मागे फिरता येत नाही, ते दुसऱ्यानं ठरवलेल्या तारखेच्या धाकानं उचलू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

शेजारच्या गावातल्या मुलाबद्दल तुमच्या भावानं सांगितलं ते खरंच असेल, मला त्यावर शंका नाही. पण तो कोणत्या साली गेला? इंग्लंडचे नियम सारखे बदलत आले आहेत. शिक्षणानंतर दोन वर्षं थांबून काम करण्याची सोय तिथल्या सरकारनं २०१२ मध्ये बंद केली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली, आणि आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती १८ महिन्यांवर आणली आहे. त्यानंतर टिकून राहायचं तर कुशल कामगारांचा व्हिसा लागतो. त्यासाठीच्या वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. नुकतंच शिकून बाहेर पडलेल्यांना यात काही सवलत आहे, तरी वाट अरुंद झाली आहे हे नक्की. जो चांगल्या वेळी गेला, त्याचा बंगला सगळ्यांना दिसतो. जे वर्षभरानं परत आले, ते गावात ओरडून सांगत नाहीत.

म्हणून मुलाला एक काम द्या. याच विद्यापीठातून हाच अभ्यासक्रम गेल्या दोन-तीन वर्षांत केलेले भारतीय विद्यार्थी लिंक्डइनवर शोधून चार-पाच जणांशी बोलायला सांगा. सल्लागारानं दिलेली नावं नकोत, त्यानं स्वतः शोधलेली हवीत. आत्ता काय काम करता, पगार किती, कर्ज किती उरलंय, पुन्हा संधी मिळाली तर हाच अभ्यासक्रम घ्याल का. तो इंजिनिअर आहे, त्याला हे जमेल. आणि ती उत्तरं तो स्वतःच्या कानांनी ऐकेल, तेव्हा ती आईची 'नाही' राहणार नाही.

यानंतर पैशांचा हिशेब, आणि तो कागदावरच करायचा. समजा शेत न विकता २५ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, व्याज ११ टक्के धरलं. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. दोन वर्षांचं साधं व्याज साडेपाच लाख. म्हणजे हप्ते सुरू होताना साडेतीस लाखांचं देणं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ४२ हजार, पंधरा वर्षांत फेडायचं तर सुमारे ३५ हजार. आता मुलाला विचारा: तिथे नोकरी मिळाली नाही आणि तुला चाकणला परत यावं लागलं, तर महिना ३५ हजार कसे भरशील? आज त्याचा पगार २४ हजार आहे. परदेशी पदवीमुळे तो चाळीस झाला असं धरलं, तरी हातात पाच हजार उरतात.

हे आकडे बघून तुम्हाला वाटेल, मग शेत विकलेलंच बरं, निदान डोक्यावर हप्ता नाही. घरोघरी असंच वाटतं. पण धोका तेवढाच असतो, फक्त तो कोणाच्या खांद्यावर, एवढंच बदलतं. कर्जात तो मुलगा उचलतो (सहकर्जदार म्हणून तुम्हीही, हे विसरू नका). शेत विकण्यात तो सगळा तुम्हा दोघांच्या म्हातारपणावर येतो, आणि हप्त्याचा आकडा समोर नसल्यामुळे दिसतही नाही. दीड लाखांचं वर्षाचं उत्पन्न जातं, घरची ज्वारी-डाळ जाते, पतीचं रोजचं काम जातं. पन्नाशीच्या शेतकऱ्यानं शेत विकल्यावर दुसऱ्या दिवसापासून काय करायचं, हा प्रश्न तुमच्या पत्रात कुणीच विचारलेला नाही. 'तू म्हणशील तसं' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात तो असणार. त्यांना एकट्यानं बसवून विचारा.

कर्जाबाबत एक अडचण आधीच सांगते. साधारण साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात, आणि शेतजमीन तारण घ्यायला त्या नाखूश असतात, कारण वसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. गावठाणातल्या घराचं मालमत्ता पत्रक स्वामित्व योजनेत निघालं असेल तर बँक ते बघू शकते. पण राहतं घर तारण ठेवणं ही साधी गोष्ट नव्हे. काही खासगी वित्तसंस्था विनातारण कर्ज देतात; त्यांचं व्याज जास्त असतं आणि त्या विद्यापीठ व अभ्यासक्रम पाहून ठरवतात. यात तुमच्यासाठी एक फुकटची परीक्षा दडलेली आहे. मुलानं दोन सरकारी बँकांत आणि एका खासगी संस्थेत या प्रवेशपत्रासह चौकशी करावी. पैसे परत येतील का, याचा हिशेब करणं हेच ज्यांचं काम आहे, ते या अभ्यासक्रमासाठी कर्ज द्यायला कचरत असतील, तर आपण आपलं रान कशाच्या भरवशावर द्यायचं?

इंग्लंडचं हे एक वर्ष किंवा चाकणचे २४ हजार, असे दोनच रस्ते आहेत, हेही मला पटत नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आणि आणखी काही ठिकाणी ती आहे. मात्र एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, तिथल्या विशेष खात्यात आधी ठेवावे लागतात, आणि नोकरी हवी तर जर्मन भाषा नीट यावी लागते. तिथला वाहन उद्योगही सध्या ओढगस्तीत आहे. त्यामुळे तो सोपा मार्ग नाही, पण बारा लाख आणि बत्तीस लाख यांत फरक आहे. देशातच 'गेट' देऊन आयआयटी-एनआयटीत एमटेक केलं, तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्याही आहेत: अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा मुलांसाठी 'सारथी' या सरकारी संस्थेची, इतर मागासवर्गीयांसाठी आणि खुल्या गटासाठी वेगळ्या. बहुतेकींना विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागतं. मुलाचं विद्यापीठ त्यात बसतं का, बघा. बसत नसेल तर वर्षभर थांबून, इंग्रजीची परीक्षा चांगली देऊन, त्यात बसणाऱ्या ठिकाणी अर्ज करणं त्याच्या हिताचं ठरेल. तेवढ्यात चाकणचा अनुभव अडीच वर्षांचा होईल. मॅनेजमेंटचं शिक्षण घेणाऱ्याला तो नोकरी शोधताना उपयोगी पडतो.

आता तुमची खरी भीती. 'आईनं अडवलं असं तो जन्मभर म्हणेल.' ताई, मी याची दुसरी बाजू सांगते, कारण ती फार कमी बोलली जाते. शेत विकून पाठवलेल्या मुलाला तिकडून फोन करून 'आई, जमत नाही, परत येतो' असं म्हणता येत नाही. थंडीत गोदामात रात्रपाळ्या करेल, एका खोलीत चौघं राहतील, आणि घरी व्हिडिओ कॉलवर हसेल. कारण मागे काही उरलेलं नाही हे त्याला माहीत असतं. ज्या मुलाला परत यायला जागा आहे, तो तिथे जास्त मोकळेपणानं शिकतो, चुकीची नोकरी नाकारू शकतो, नवं काही करून बघू शकतो. तुम्ही शेत राखलंत तर ते त्याच्यासाठीही राखलेलं असेल. हे त्याला असंच, याच शब्दांत सांगा. आपल्या घरांत आईबापांनी किती सोसलं यावरून प्रेम मोजायची सवय आहे, आणि मुलांनाही ती लागते. फोनवर गप्प होणारा तुमचा मुलगा कदाचित नाराज नसेल, लाजलेला असेल. घरचं शेत माझ्यामुळे जाणार, हे त्यालाही डाचत असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

तेव्हा त्याला एका रविवारी गावी बोलवा. फोनवर हे बोलणं नको. तुम्ही चौघं बसा, सासूबाई बसल्या तर उत्तम. भावाला त्या दिवशी बोलवू नका. त्याचं मत ऐकून झालंय आणि परिणाम त्याला भोगायचे नाहीत. विद्यापीठाचं ईमेल, माजी विद्यार्थ्यांची उत्तरं, बँकांनी काय सांगितलं ते, आणि हप्त्याचा हिशेब समोर ठेवा. प्रत्येकानं आपल्याला कशाची भीती वाटते ते आधी सांगावं, आणि त्यात मुलीला पहिल्यांदा बोलू द्या, नाहीतर तिची पाळी येईपर्यंत निर्णय झालेला असतो. जे ठरेल ते आणि का ठरलं ते एका वहीत लिहून ठेवा. पुढे गोष्टी मनासारख्या झाल्या नाहीत, तर त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे त्या पानावर दिसेल. बोल लावायची वेळ आली तर त्या पानावर त्याचीही अक्षरं असतील.

हे सगळं झाल्यावर कदाचित असं दिसेल की विद्यापीठ चांगलं आहे, जुने विद्यार्थी मार्गी लागले आहेत, बँक पंधरा-सोळा लाख द्यायला तयार आहे, मुलगा वर्षभर थांबून चार लाख साठवायला राजी आहे, आणि मुलीचंही मन आहे. मग उरलेल्या दहा-बारा लाखांसाठी विहीर सोडून एका कडेचं एकरभर रान, मोजणी करून, सगळी रक्कम बँकेतून घेऊन विकावं असं तुमचं ठरलं, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. दोन्ही मुलांच्या शिक्षणासाठी थोडी जमीन देणं हा जमिनीचा चांगला उपयोग आहे. दागिने मोडणारे, दुकानाचा गाळा विकणारे, पीएफ काढणारे अनेक वाचक हीच चौकशी करत असतात. त्यांनाही मी हेच सांगेन की सगळं एकदम देऊ नका, आणि परत यायची वाट मोडेल इतकं तर मुळीच देऊ नका.

तोवर एक काळजी घ्या. व्यापारी 'नुसता इसार तर घ्या, बाकीचं सावकाश बघू' म्हणत येईल. एकावन्न हजार देईल, एखाद्या कागदावर सही मागेल. तो नुसता कागद नसतो. इसार घेऊन लेखी सौदा झाला की खरेदीखत करून द्या म्हणून तो कोर्टात जाऊ शकतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा करार पुरा करून देण्याचा आदेश टाळणं कोर्टांनाही अवघड झालंय. त्यामुळे घरातल्या चौघांचं बोलणं होईपर्यंत पतीनं आणि तुम्ही त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नका, आणि कशावरही सही करू नका.